लुआंग्वाच्या खोऱ्यात जायचंय? कॅम्पच्या आधी नदीचं पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याचं चौघांचं कुटुंब, त्यात 14 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांचे वडील. ताडोबा, कान्हा पाहून झालंय. आता दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांत झांबियातलं साउथ लुआंग्वा अभयारण्य आणि व्हिक्टोरिया धबधबा करायचाय. चांगला कॅम्प कोणता, गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवत जावं का, आणि वडिलांना झेपेल का?

तुम्ही कॅम्पचं नाव विचारलंय, पण ते सगळ्यात शेवटी ठरतं. आधी महिना ठरवायचा, आणि लुआंग्वात महिना म्हणजे नदीची पातळी. एकच कॅम्प जूनमध्ये एक जागा असते आणि ऑक्टोबरात दुसरीच. म्हणून उत्तर नदीपासून सुरू करतो.

लुआंग्वा नदी झांबियाच्या ईशान्येला माफिंगा डोंगरात उगम पावते आणि सुमारे 770 किलोमीटर वाहून झांबेझीला मिळते. मुख्य प्रवाहावर धरण नाही. त्यामुळे पावसाळ्यात ती काठ सोडून पसरते, वळणं बदलते, जुनी वळणं तोडून मागे अर्धचंद्राकृती तळी ठेवते. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. या काळात मोपाने झाडांच्या जंगलात खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचलेलं असतं, गवत माणसाच्या उंचीचं होतं, आणि जनावराला नदीवर येण्याची गरजच राहत नाही. मे महिन्यापासून आतलं पाणी आटू लागतं. ऑगस्टपर्यंत कळप नदीकडे सरकतात. ऑक्टोबरात नदीच डबक्यांच्या माळेसारखी होते. एकेका डोहात शेकड्यानं पाणघोडे दाटीवाटीनं बसलेले, कडेला मगरी, आणि पाण्यावर येणाऱ्या म्हशींच्या मागे सिंह. तुम्ही उन्हाळ्यात ताडोब्याला पाणवठ्यावर जाऊन बसता, त्यामागचं कारण हेच आहे. फरक इतकाच की इथे तो पाणवठा शेकडो किलोमीटर लांबीचा आहे.

दुसरी गोष्ट माती. खोऱ्याच्या तळाशी बराच भाग काळ्या मातीचा आहे. पावसात काळी माती काय करते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पहिल्या मोठ्या पावसानंतर आतले रस्ते बंद होतात. नदीकाठचे छोटे बुशकॅम्प गवत आणि बांबूचे, दर वर्षी मे-जूनमध्ये नव्यानं उभारले जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला उतरवले जातात. बारा महिने चालतात ते उद्यानाच्या मुख्य म्फुवे गेटच्या आसपासचे पक्के लॉज, कारण तिथले काही रस्ते पावसातही वापरता येतात.

आता दिवाळी. ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. ऑक्टोबरात आली तर प्राणी दिसण्याच्या दृष्टीनं तो वर्षातला सर्वांत भरघोस काळ. पण खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 500 ते 600 मीटरवर आहे, पश्चिमेला मुचिंगाचा कडा, वारा कमी. दुपारी पारा 40 अंशांच्या वर जातो आणि बुशकॅम्पमध्ये एसी नसतो. तुम्हाला आणि मुलीला ते चालून जाईल. 68 वर्षांच्या माणसाला, त्यात रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर, मी ऑक्टोबर सुचवत नाही. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर प्रश्नच मिटला: पाऊस कोणत्याही दिवशी सुरू होतो आणि बुशकॅम्प बंद होत असतात.

त्यात धबधबा आहे. व्हिक्टोरिया, तिथल्या भाषेत मोसी-ओआ-तुन्या, एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक भरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत कमी असतो. झांबियाच्या बाजूला तर तेव्हा बराचसा उघडा खडकच दिसतो. म्हणजे लुआंग्वा जेव्हा सर्वोत्तम, तेव्हा धबधबा सर्वांत क्षीण. दोन्ही पूर्ण भरात एकाच सहलीत मिळत नाहीत. कुठेतरी मधला महिना धरावा लागतो.

माझ्या मते तुमच्यासाठी तो महिना जून आहे, आणि शाळेच्या दृष्टीनंही जूनचा पहिला पंधरवडा जमतो. उन्हाळी सुट्टी संपत आलेली असते, पण संपलेली नसते. तेव्हा खोऱ्यात पहाटे 10 अंशांच्या आसपास थंडी, दुपारी आल्हाददायक ऊन, आकाश स्वच्छ. नदीला अजून पाणी असतं, म्हणून दृश्य ऑक्टोबरपेक्षा कितीतरी देखणं. आबनूसाच्या राया हिरव्या असतात (हे झाड आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं, आणि चिंचेची झाडं दिसली तर दचकू नका, चिंच मुळात आफ्रिकेचीच). धबधबाही जोरात असतो, एप्रिलसारखा तुषारांत पूर्ण झाकून जात नाही. किंमत ही की गवत अजून उंच असतं आणि प्राणी थोडे विखुरलेले. दिवसाला ऑक्टोबरपेक्षा कमी दिसेल हे मनाशी धरून जा.

सुट्टीचा हट्ट सोडता आला तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर हा मला सर्वांत आवडणारा काळ. गवत बसलेलं, उन्हाळा अजून असह्य नाही, आणि नदीच्या उभ्या कडांमध्ये किरमिजी वेडे राघू हजारांनी बिळं करून घरटी करतात. आपल्याकडचा वेडा राघू हिरवा आणि चिमणीएवढा. हा गर्द गुलाबी-लाल आणि मोठा. अख्खा काठ हलताना दिसतो. पक्ष्यांसाठी येणाऱ्याला मी दुसरा काळ सांगतच नाही.

काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे आधीच स्पष्ट करून घ्या. साउथ लुआंग्वा सुमारे 9,050 चौरस किलोमीटरचं आहे, 1972 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. बिबट्यासाठी आफ्रिकेतल्या सर्वोत्तम जागांपैकी ही एक. सिंह, हत्ती, म्हशी, पाणघोडे, मगरी भरपूर. थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ जगात फक्त याच खोऱ्यात आहे. रानकुत्री आहेत, आपल्या कोळसुंद्यांसारखी टोळीनं शिकार करणारी पण वेगळ्या जातीची. मात्र त्यांची हमी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. गेंडा इथे नाही: शिकाऱ्यांनी संपवला. 2003 पासून काळे गेंडे परत आणले ते नॉर्थ लुआंग्वात. चित्ताही नाही. ‘बिग फाइव्ह’ची (सिंह, बिबट्या, हत्ती, म्हैस, गेंडा) यादी पुरी करायची असेल तर हे खोरं चुकीचं आहे. तुम्ही लिहिलंय की मुलीला पायी जंगल बघायचंय आणि तुम्हाला निसर्ग. मग हेच बरोबर.

सफारीची पद्धत ताडोब्यापेक्षा वेगळी आहे. गेटवर जिप्सींची रांग, झोनची चिठ्ठी, वेळ संपली म्हणून धावपळ, यातलं काही नाही. पहाटे 6च्या सुमारास निघायचं, 10पर्यंत परत. दुपारी विश्रांती. 4ला पुन्हा निघायचं, सूर्यास्ताला नदीकाठी थांबायचं, आणि मग अंधारात स्पॉटलाइट लावून रात्री 8पर्यंत. रात्रीची सफारी हे लुआंग्वाचं मोठं बळ. बिबट्या शिकारीला अंधार पडल्यावर निघतो. शिवाय साळिंदर, मांजरासारखं जेनेट, जवादी मांजर, आणि नशीब असेल तर आपल्याकडेही असणारं चांदी अस्वल (हनी बॅजर). चांगला गाइड हरणावर किंवा झेब्र्यावर प्रकाश रोखून धरत नाही. दिवसा वावरणारं जनावर त्यानं दिपतं आणि शिकाऱ्याच्या तोंडी जातं. असा प्रकाश धरलेला दिसला तर नम्रपणे सांगा. प्राण्यांच्या इशाऱ्याच्या कॉलवरून माग काढायची तुम्हाला सवय आहेच. चितळ-वानराच्या जागी इथे बबूनचं भुंकणं, पुकू हरणाची शीळ आणि इम्पालाचं फुरफुरणं ऐकायचं.

पायी सफारीची परंपरा या खोऱ्यातलीच. नॉर्मन कार यांनी 1950 मध्ये न्सेफू या स्थानिक प्रमुखाच्या सहकार्यानं इथे पर्यटकांसाठी पहिला कॅम्प काढला आणि पुढे चालत जंगल दाखवायला सुरुवात केली. आजही सोबत परीक्षा उत्तीर्ण गाइड आणि बंदूकधारी स्काउट असतो. रांगेत, एकामागे एक, न बोलता तीन-चार तास. जमीन सपाट आणि वेग संथ. बहुतेक कॅम्प 12 वर्षांखालच्यांना नेत नाहीत, त्यामुळे तुमच्या मुलीला अडचण नाही. वडील रोज तासभर पर्वतीच्या पायथ्याशी फिरत असतील तर चालणं झेपेल. अडचण चालण्याची नाही, ऐकण्याची आहे. गाइडनं ‘थांबा’ म्हटलं की जागच्या जागी थांबायचं, ‘मागे’ म्हटलं की न धावता मागे. कानानं कमी ऐकू येत असेल तर त्यांनी चालू नये, गाडीतून जावं. गाडी उंच असते, दोन-तीन पायऱ्या चढून बसावं लागतं. गुडघे दुखत असतील तर चढायला पायरी ठेवायला सांगा आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा, मागच्या रांगेत हादरे जास्त बसतात.

स्वतः गाडी चालवत जायचं का? पहिल्या खेपेला नको. राजधानी लुसाका ते पूर्वेकडचं चिपाटा शहर 570 किलोमीटरच्या आसपास, तिथून म्फुवे गेटपर्यंत आणखी सव्वाशे. रस्ता डांबरी आहे, पण ट्रकची वर्दळ, गावांतली माणसं-बकऱ्या, आणि अंधारात न चालवण्याचा नियम पाळला तर एका दिवसात कसंबसं जमतं. म्हणजे जाता-येता दोन दिवस गेले. शिवाय पर्यटकाला स्वतःच्या गाडीनं रात्रीची सफारी करता येत नाही, आणि इथलं सगळं नवल अंधारात आहे. लुसाकाहून म्फुवेला तासाभराचं विमान घ्या.

दहा दिवसांची मांडणी अशी बसते. मुंबईहून लुसाकाला थेट विमान नाही; आदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे. पहिली रात्र लुसाकात. मग खोऱ्यात सहा रात्री: तीन गेटजवळच्या पक्क्या लॉजमध्ये, तीन उद्यानाच्या न्सेफू भागात किंवा दक्षिणेकडच्या बुशकॅम्पमध्ये. मग धबधब्याजवळच्या लिव्हिंगस्टनला दोन रात्री. घरी अकराव्या दिवशी पोहोचाल. सुट्टी खरंच दहाच दिवसांची असेल तर लिव्हिंगस्टनची एक रात्र कमी करा, खोऱ्यातली नको. तीन ठिकाणी दोन-दोन रात्री हा मोह टाळा. प्रत्येक बदलात एक सफारी जाते, आणि एकाच गाइडबरोबर तिसऱ्या दिवशी जे दिसतं ते पहिल्या दिवशी दिसत नाही, कारण काल बिबट्या कुठे होता हे त्याला ठाऊक असतं.

आता कॅम्प. नावं देत नाही, कारण मालक आणि गाइड बदलतात. कॅम्पला हे विचारा. गाडीत जास्तीत जास्त किती पाहुणे? तीन रांगांत नऊ म्हणजे प्रत्येक रांगेतल्या मधल्या माणसाला काही दिसत नाही. सहा असतील तर सगळे कडेला. जूनमध्ये नक्की कोणत्या तारखेला उघडता? काही बुशकॅम्प जूनच्या मध्यापर्यंत तयार नसतात. उद्यानाचं प्रवेशशुल्क आणि संवर्धन शुल्क दरात धरलंय का? ते दर दिवशी, दर माणशी डॉलरात असतं, चौघांचं सहा दिवसांचं मोठं होतं. मुलीला आणि आजोबांना शेजारच्या किंवा जोडलेल्या खोल्या आहेत का? हे फार महत्त्वाचं, कारण कॅम्पला कुंपण नसतं. रात्री हत्ती आणि पाणघोडे खोल्यांमधून फिरतात. अंधार पडला की पहारेकऱ्याशिवाय खोलीबाहेर पाय टाकायचा नाही, शेजारच्या खोलीतही नाही. खोलीत फळं ठेवू नका. हत्तीला संत्र्याचा, आंब्याचा, केळ्याचा वास लांबून लागतो आणि तो भिंत मोडून आत येऊ शकतो. खाऊ आणला असेल तर स्वयंपाकघरात द्या. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, कारण सामान चिपाटाहून किंवा लुसाकाहून येतं. चिपाटात गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, डाळी आणि मसाले तिथे मिळतात; आधी सांगितलं तर कॅम्पवाले आणून ठेवतात.

आरोग्याकडे कॅम्पपेक्षा जास्त लक्ष द्या. मलेरिया इथे फाल्सिपॅरम जातीचा, जिवावर बेतणारा. क्लोरोक्विन चालत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही प्रतिबंधक गोळी निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परत आल्यावर 7 दिवसांपर्यंत रोज घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर 4 आठवडे. डॉक्सिसायक्लिननं ऊन जास्त लागतं, आणि उघड्या गाडीत दिवस जातो. वडिलांच्या चालू गोळ्यांशी काय जुळतं ते डॉक्टरांना सहा आठवडे आधी विचारा. ही औषधं प्रत्येक केमिस्टकडे तयार नसतात.

पीतज्वराच्या लशीचा घोळ बहुतेकांना परतीच्या विमानतळावर कळतो. साउथ लुआंग्वासाठी लस लागत नाही, पण इथिओपिया आणि केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतात. तिथून येताना भारतात प्रमाणपत्र विचारलं जाऊ शकतं, आणि नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणाची तरतूद आहे. फक्त विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तर सूट असते. तरी विमान चुकून हॉटेलात रात्र काढावी लागली की ती सूट गेली. लस सरकारमान्य केंद्रावरच, किमान 10 दिवस आधी. पण 60 वर्षांपुढे पहिल्यांदा लस घेताना दुष्परिणामांचा धोका वाढतो, आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांना ती देत नाहीत. म्हणून वडिलांसाठी सोपा उपाय: चौघांचीही तिकिटं दुबईमार्गे काढा. थोडी महाग पडली तरी चालेल.

तिसरी त्सेत्से माशी. ती दिवसा चावते, पातळ कपड्यातूनही, आणि नदीकाठापेक्षा मोपानेच्या जंगलात जास्त असते. गडद निळा आणि काळा रंग तिला खेचून घेतो, म्हणून जीन्स घरी ठेवा. खाकी, करडे, मळकट हिरवे कपडे, पूर्ण बाह्या. लष्करी छापाचे कपडे मात्र झांबियात घालू नका. काही गाइड गाडीच्या मागे डब्यात हत्तीचं शेण धुमसत ठेवतात, त्या धुरानं माश्या कमी होतात. जूनच्या पहाटेसाठी जाड जाकीट, कानटोपी, हातमोजे लागतील. उघड्या गाडीत 10 अंश पाचांसारखे लागतात. छोट्या विमानांत सामानाला साधारण 15 किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ लागते, कडक सुटकेस डिकीत बसत नाही. तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर घ्या. बुशकॅम्पमध्ये सौरऊर्जा असते, चार्जिंग दिवसा आणि एकाच जागी, म्हणून कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्या. वैद्यकीय विमा विमानानं हलवण्याच्या खर्चासह काढा. गंभीर काही झालं तर रुग्णाला लुसाका किंवा जोहान्सबर्गला न्यावं लागतं.

शेवटची सूचना परतल्यानंतरची. तीन महिन्यांत कधीही ताप आला तर विषाणूचा असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना ‘झांबियाला जाऊन आलोय, फाल्सिपॅरमची तपासणी करा’ असं स्वतःहून सांगा. गोळ्या नियमानं घेतल्या असल्या तरीही. त्सेत्से माशी चावलेल्या जागी दुखरी, लाल, फुगलेली गाठ आली आणि ताप असेल तर ‘आफ्रिकन ट्रिपॅनोसोमियासिस’ (त्या माशीमुळे होणारा निद्रारोग) हे नाव कागदावर लिहून न्या. लुआंग्वातून परतलेल्या पर्यटकांना हा आजार झालेला आहे, तो झपाट्यानं वाढतो, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांना तो सहसा पाहायला मिळत नसल्यानं आठवण तुम्हालाच करून द्यावी लागेल.